बॅकगॅमनवाले नेमकं बोलतात काय? (पटावरची बोली)

निमूट

बॅकगॅमनचे नियम अर्ध्या तासात येतात. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, चोवीस घरं, दोन फासे. आपल्या सोंगट्या फिरवून स्वतःच्या सहा घरांत आणायच्या आणि समोरच्याच्या आधी उचलून मोकळं व्हायचं. एवढं जमलं की वाटतं, झालं, आला खेळ. मग एखाद्या सामन्याचं समालोचन लावावं तर असलं काहीतरी कानावर पडतं : "अँकर आहे, पण टायमिंग संपलंय, आता प्राइम मोडणार. क्यूब आधीच फिरवायला हवा होता, मार्केट गेलं." शब्द सगळे ओळखीचे, पण समजलं म्हणाल तर काही नाही.

त्यात ‘पॉइंट’ हा शब्द तर निव्वळ छळ आहे. पटावरचं त्रिकोणी घर म्हणजे पॉइंट, त्या घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की ‘पॉइंट केला’, आणि सामन्याचे गुण मोजायचे तेही पॉइंटच. "पाच पॉइंट" ऐकलं की घर म्हणतोय की गुण, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही.

तर खेळणाऱ्यांनी कृपया लिहा. यादी नको, ती कुठेही मिळते. कोणता शब्द कुठल्या वेळी तोंडात येतो, ते हवंय.

खटपट्या

छान धागा. मारामारीच्या शब्दांपासून सुरू करतो, कारण नवा माणूस आधी तिथेच मार खातो.

घरात एकटी सोंगटी म्हणजे ब्लॉट. ती मारली गेली की बारवर, म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर. तिथून समोरच्याच्या घरात परत शिरल्याशिवाय दुसरं काही हलवता येत नाही. दान पडलं आणि शिरताच आलं नाही, तर तुम्ही ‘डान्स’ केला. काही जण ‘फॅन’ म्हणतात. समोरच्याने पाच घरं दोन-दोन सोंगट्या बसवून बंद केली असतील तर ३६ पैकी २५ दानांवर तुम्ही नाचता. चार बंद असतील तर १६ वर. एका घराने केवढा फरक पडतो बघा. म्हणून "पाच घरांचा बोर्ड" हे शब्द उच्चारताना समालोचकाचा आवाज बदलतो.

आता ब्लॉट आणि स्लॉट यात फरक आहे. ब्लॉट राहून जातो. स्लॉट आपण मुद्दाम टाकतो : जे घर हवंय तिथे एकटी सोंगटी ठेवायची, आणि ती वाचली तर पुढच्या दानाला वरून दुसरी आणून घर पक्कं करायचं. त्या दुसरीला म्हणायचं ‘कव्हर’, आणि कव्हर करायला टप्प्यात आणून ठेवलेली मोकळी सोंगटी म्हणजे ‘बिल्डर’.

उदाहरण घ्या. पहिलंच दान २-१. (घरं आपल्या बाजूने १ ते २४ मोजायची, १ ते ६ ही आपली.) जुनी चाल अशी : दोनने १३ वरून ११ वर बिल्डर, एकने ६ वरून ५ वर स्लॉट. समोरच्याच्या दोन सोंगट्या तुमच्या एक्क्याच्या घरात बसलेल्या असतात, त्यांना ५ वर मारायला चार हवेत. कुठल्याही फाशावर ४ आला अशी अकरा दानं, ३-१ ची दोन, २-२ आणि १-१ ची एकेक. एकूण १५. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा मार, उरलेल्या २१ वेळा तुम्ही पाचाचं घर करायच्या रांगेत.

१९७० च्या दशकात हाच रिवाज होता. २-१, ४-१, ५-१, तिन्हींवर स्लॉट टाकणारे भरपूर. मग १९९२ च्या सुमारास आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्राम केला. स्वतःशीच खेळून खेळून शिकलेला. त्याला मागच्या दोन सोंगट्या सोडवून २४ वरची एक २३ वर आणणं जास्त पसंत पडलं, म्हणजे ‘स्प्लिट’. माणसांनी आधी नाकं मुरडली, मग पटावर करून पाहिलं, मग गुपचूप बदलले. आज कोणी ४-१ ला स्लॉट टाकला तर "जुन्या वळणाचे दिसताय" असं ऐकवतात.

पानवेल

वाचतेय. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर

धागा आवडला, पण एक सांगा. आपल्याकडे सोंगट्यांचा अख्खा शब्दसंग्रह पडलेला असताना हे ब्लॉट-स्लॉट कशाला? दान आहे, फासे आहेत, घर आहे. मारणे आहे. सोंगटी पिकते. आणि एका घरात बसलेल्या जोडीला ‘जुग’ म्हणतात. जुग फुटला की सोंगटी उघडी पडली. निमूट यांच्या तीन पॉइंटांचा प्रश्न तिथेच मिटतो : पटावर घर, जोडीला जुग, हिशोबाला गुण.

हे दुखणंही जुनंच आहे. रोमन सम्राट झेनो याच्या ‘टाबुला’च्या एका डावाचं वर्णन अगाथियास या कवीने लिहून ठेवलंय. डाव पाचव्या शतकातला, तीन फाशांचा. सम्राटाला पडलं २, ५, ६. त्या दानाने सगळे जुग फुटले आणि पटभर एकट्या सोंगट्या उरल्या. दीड हजार वर्षं एक वाईट दान लोकांच्या लक्षात राहिलंय, यावरून काय ते समजा.

(अवांतर : ‘पोबारा’ हेसुद्धा मुळात सोंगट्यांच्या डावातलं दान. आता फक्त पळून जायला वापरतात.)

खटपट्या

जुग झकास. मी वापरणार. पण सगळंच बदलू नका हो. ‘अँकर’ला काय म्हणाल? समोरच्याच्या घरात केलेला आपला जुग. तो असला की सगळी घरं बंद होऊन आपण अडकायची भीती नाही, कुठून मारले गेलो तरी उतरायला जागा आहे. त्यातही त्याच्या पाचव्या घरात असेल तर ‘गोल्डन अँकर’. शिवाय ऑनलाइन खेळताना समोरचा कुठल्या देशातला असेल सांगता येत नाही. त्याला जुग फुटला म्हणून कोण समजावणार?

बोरूबहाद्दर

‘नांगर’ म्हणा की! बोटवाले म्हणतातच.

खटपट्या

म्हणतो. तुमच्याशी खेळताना.

पानवेल

मी तुर्की ‘तावला’ शिकले आधी, बॅकगॅमन नंतर. तिथे दान मोजायचे आकडे तुर्की नाहीतच, फारसी आहेत : येक, दू, से, जिहार, पेंच, शेश. खेळणारा एरवी तुर्की आकडे बोलतो, फासे हातात आले की फारसी. जोड्यांना स्वतंत्र नावं. १-१ म्हणजे ‘हेप येक’, २-२ ‘दुबारा’, ४-४ ‘दॉर्त जिहार’, ६-६ ‘दू शेश’. दॉर्त जिहारमधला दॉर्त तुर्की आणि जिहार फारसी, दोन्हींचा अर्थ चार! ६-५ ला ‘शेश बेश’, त्यातला बेशही तुर्की. कित्येकांना तर खेळच शेश-बेश या नावाने माहीत आहे.

केलेल्या घराला तिथे ‘कापी’ म्हणतात, म्हणजे दार. ग्रीक लोक जो प्रकार खेळतात त्याचं नावच ‘पोर्तेस’, दारं. इंग्रजीत टोक, तुर्की-ग्रीकमध्ये दार, आपल्यात घर. गॅमन (समोरच्याने एकही सोंगटी उचलायच्या आत जिंकणं) झाला की ‘मार्स’. आणि फारसीत सोंगटीला मोहरा. तो आपण बुद्धिबळात नेऊन ठेवला.

इंग्रजीवाले दानांना नावं ठेवण्यात तसे कंजूषच. ६-६ ला ‘बॉक्सेस’ म्हणतात. एक मात्र गोड आहे : पहिल्या दानाला ६-५ पडलं की मागची एक सोंगटी २४ वरून थेट १३ वर, आपल्याच पाच सोंगट्यांत जाऊन बसते. त्या चालीचं नाव ‘लव्हर्स लीप’.

गणोबा

उशिरा आलो. वरची चर्चा गमतीची आहे, पण निमूट यांना जे समजत नाहीये ते सगळं क्यूबचं आहे, आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. माझं मत स्पष्ट सांगतो : ब्लॉटला काय म्हणता याने खेळ बदलत नाही. क्यूबचे शब्द कळले नाहीत तर मात्र तुम्ही निम्मा खेळ खेळतच नाही.

क्यूब म्हणजे २, ४, ८, १६, ३२, ६४ लिहिलेला मोठा फासा. तो टाकायचा नसतो, फिरवायचा असतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला आणि हजारो वर्षांचा खेळ वेगळाच झाला. आपल्या पाळीला, फासे टाकायच्या आधी, तुम्ही म्हणू शकता : डाव दुप्पट. समोरच्याने ‘टेक’ केलं तर डाव दोनचा, आणि क्यूब त्याच्याकडे, पुढची दुप्पट फक्त तोच करू शकतो. ‘पास’ किंवा ‘ड्रॉप’ केलं तर डाव तिथेच संपला, एक गुण गेला.

टेक कधी करायचं? चार सारखे डाव धरा. चारही सोडले तर गेले ४ गुण. चारही घेतले, तीन हरलात आणि एक जिंकलात, तर गेले ६, आले २, म्हणजे परत ४ च गेले. म्हणून २५ टक्के ही सीमा, तिला म्हणतात ‘टेक पॉइंट’. (हो, पॉइंटचा चौथा अर्थ. निमूट, माफ करा.) गॅमनची भीती नसली आणि क्यूब आपल्याकडे येणार असला की सीमा आणखी थोडी खाली सरकते, कारण तो क्यूब पुढे आपल्याला वापरता येतो.

आता ‘मार्केट’. तुम्ही पुढे आहात, समोरचा अजून टेक करेल अशी स्थिती आहे. म्हणजे तुमच्या मालाला गिऱ्हाईक आहे. तुम्ही वाट पाहिली, चांगलं दान पडलं, त्याने डान्स केला. आता दुप्पट म्हणाल तर तो सोडून देईल. गिऱ्हाईक गेलं, ‘मार्केट गेलं’. ज्या दान-प्रतिदानाच्या जोडीने असं होतं तिला ‘मार्केट लूझर’ म्हणतात. फासे टाकण्याआधी विचारायचं ते एवढंच : अशा जोड्या किती आहेत? बऱ्याच असतील तर आत्ता फिरवा. एकही नसेल तर घाई कशाला, क्यूब तुमच्या हातचा का घालवता?

आणि मार्केट फारच पुढे गेलं असेल तर ‘टू गुड’. म्हणजे दुप्पट म्हणून एक गुण घेण्यापेक्षा गप्प खेळत राहून गॅमन मारावा, इतकी चांगली स्थिती. (समोरच्याने एकही सोंगटी उचललेली नसेल तर गॅमन, दुप्पट. शिवाय त्याची एखादी बारवर किंवा तुमच्या घरात अडकली असेल तर बॅकगॅमन, तिप्पट.)

किट वूल्झी या खेळाडूच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. ही स्थिती टेकची की पासची याची तुम्हाला पक्की खात्री नसेल, तर दुप्पट कराच. कारण तुम्हाला खात्री नाही तर समोरच्याला तरी कुठून असणार? त्याला चुकायची संधी द्या.

चिमणचारा

गणोबा, ते बीव्हर-रॅकूनचं पण सांगा ना. मला वाटलं होतं कोणीतरी चेष्टा करतंय.

गणोबा

चेष्टा नाही. तुम्ही दुप्पट केलंत, आणि समोरच्याला वाटलं की खरं तर पुढे तोच आहे. तो "बीव्हर" म्हणतो : क्यूब लगेच आणखी दुप्पट, दोनचा चार, आणि राहणार त्याच्याकडेच. त्यावर तुम्ही भडकून पुन्हा लगेच दुप्पट केलंत तर "रॅकून", आठ. सामन्यात हे चालत नाही, एकेका डावाच्या गुणांवर खेळतात तिथे, आणि आधी ठरलं असेल तरच.

यातली मजा पुढे आहे. ‘जेकोबी रूल’ नावाचा नियम आहे, ओस्वाल्ड जेकोबी यांच्या नावाचा. क्यूब एकदाही फिरला नसेल तर गॅमनचे जादा गुण नाहीत. त्यामुळे अशी स्थिती येऊ शकते : तुम्ही एकंदर किंचित मागे आहात, पण जिंकलात तर बहुतेक गॅमननेच जिंकाल. क्यूब फिरवला नाही तर त्या गॅमनची किंमत शून्य. फिरवला तर तोटा कमी होतो, पण राहतो तोटाच. म्हणजे तुमचं दुप्पट करणं बरोबर आणि त्याचं बीव्हर करणंही बरोबर! याला ‘कॉडर पॅराडॉक्स’ म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा झोप उडाली होती.

सामन्यातलं निराळं. एकजण जिंकण्यापासून एकाच गुणावर आला की पुढच्या एका डावात क्यूब बंद, हा ‘क्रॉफर्ड’ डाव, जॉन क्रॉफर्ड यांच्या नावाचा. त्यानंतर मागच्याने पहिल्या संधीला दुप्पट करायचं, त्याला गमावण्यासारखं काही नसतंच. त्याला हवे असलेले गुण सम असतील, म्हणजे २ किंवा ४, तर पुढच्याला ‘फ्री ड्रॉप’ मिळतो : डाव सोडून एक गुण दिला तरी त्याला तेवढेच डाव जिंकावे लागतात. दोघंही एकेका गुणावर असले की ‘डीएमपी’ (डबल मॅच पॉइंट), तिथे क्यूब, गॅमन, सगळं निरर्थक. फक्त जिंका.

निमूट

दंडवत. मार्केट समजलं. आता टायमिंग? मला वाटायचं योग्य वेळी योग्य चाल.

खटपट्या

सगळ्यांना तसंच वाटतं. इथे टायमिंग म्हणजे शिल्लक चाली. तुमच्याकडची चांगली रचना मोडायला लागण्याआधी किती पिप खर्च करू शकता, ते. (पिप म्हणजे फाशावरचा ठिपका, म्हणजेच एक घर चाल. सुरुवातीला दोघांचेही १६७ पिप असतात.)

समजा तुम्ही समोरच्याच्या एक्क्यावर दोन सोंगट्या धरून बसला आहात, त्याचा ब्लॉट उघडा पडायची वाट बघत. तुमच्या घरात पाच घरं बंद, सुंदर. उरलेल्या बाहेरच्या सोंगट्यांना घरात यायला १६ पिप लागतात. एका दानाची सरासरी आठ आणि थोडं. म्हणजे तुमच्याकडे दोन फेऱ्यांचं टायमिंग आहे. दोन फेऱ्यांत ब्लॉट पडला तर मारा आणि त्याला पाच घरांच्या बोर्डासमोर नाचवा. तिसऱ्या फेरीला पडला तर तोवर तुमचं सहाचं घर मोडलेलं असेल, मारून काय उपयोग?

म्हणून ‘बॅक गेम’मध्ये, म्हणजे समोरच्याच्या घरात दोन जुग धरून खेळताना, ६-६ पडलं की खेळणारा कपाळाला हात लावतो. एरवी त्याच दानाला उडी मारली असती. २४ पिप एका झटक्यात गेले, आणि ते वाट बघायला ठेवलेले होते.

प्राइमचंही तसंच. प्राइम म्हणजे सलग बंद घरांची भिंत, आणि ती सहा घरांची असली तर कुठल्याही दानाने ओलांडता येत नाही. दोघांचेही प्राइम असतील आणि दोघांच्याही सोंगट्या अडकल्या असतील, तर ज्याचं टायमिंग आधी संपेल तो मेला. पिपांच्या शर्यतीत मागे असणारा तिथे सुखात असतो.

बोरूबहाद्दर

म्हणजे श्वास रोखून धरण्याची ताकद. मग टायमिंगला ‘दम’ म्हणा. "दोन फेऱ्यांचा दम आहे." अर्थ जसाच्या तसा.

खटपट्या

हा मात्र मूळ शब्दापेक्षा चांगला आहे. मानलं.

चिमणचारा

मला या सगळ्यात एक खटकतं. हे शब्द वापरून लोक नशीब लपवतात. जिंकले की "डुप्लिकेशन केलं होतं", हरले की "त्याला जोकर पडला". सोयीचं आहे.

गणोबा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गणोबा

आधी जरा तिखट लिहिलं होतं. पुन्हा लिहितो. जोकरवर सहमत, तो रडण्याचाच शब्द आहे : डाव उलटवणारं एकच दान. पण डुप्लिकेशन खरंच करता येतं. समोरच्याला तुमचा ब्लॉट मारायला ४ हवा, आणि त्याला स्वतःचं महत्त्वाचं घर करायलाही ४ च हवा, अशी सोंगटी ठेवायची. मग त्याचा एकच आकडा दोन कामांत वाटला जातो आणि बाकीचे आकडे वाया जातात. दोन चाली एरवी सारख्याच वाटत असतील तर हे बघून ठरवा.

आणि नशीब लपवायची सोय आता उरलेली नाही. डाव एक्सजी किंवा जीएनयू बॅकगॅमन या प्रोग्रामला द्या, तो प्रत्येक चालीला तुम्ही किती ‘इक्विटी’, म्हणजे सरासरीने मिळणारे गुण, घालवली ते हजारांशांत सांगतो. त्या हजाराव्या भागाला ‘मिलिपॉइंट’. सगळ्या निर्णयांतल्या चुकांच्या सरासरीवरून ‘पीआर’ (परफॉर्मन्स रेटिंग) निघतो, जितका कमी तितकं चांगलं. हरलेला माणूस आता "फासे वाईट होते" म्हणत नाही, "पीआर माझा कमी होता" म्हणतो. रडणं तेच, पुराव्यासकट.

पानवेल

खिक्.

टेबलाभोवतीचे शब्द राहिले की. तीन-चार जण एकाच पटावर खेळतात त्याला ‘शुएट’, फ्रेंचमध्ये घुबड. एकटा सगळ्यांविरुद्ध तो ‘बॉक्स’, बाकीच्यांचा म्होरक्या ‘कॅप्टन’. सल्लामसलत चालते, पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. क्यूब मात्र हल्ली बहुतेक ठिकाणी प्रत्येकाचा वेगळा. हरत चाललेला माणूस भलतेसलते डबल घ्यायला लागला की तो ‘स्टीम’ करतोय. बाजूला बसून न विचारता चाल सुचवणारा ‘किबिट्झर’. आणि बोलून, उसासे टाकून समोरच्याचं लक्ष उडवणं म्हणजे ‘कॉफीहाऊसिंग’.

बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रिएल यांचं टोपणनाव ‘एक्स-२२’ होतं. त्यांनी म्हणे चौसष्ट काल्पनिक खेळाडूंची स्पर्धा स्वतःशीच खेळून काढली, आणि जिंकला तो बाविसावा.

निमूट

शर्यतीत क्यूबचा काही सोपा ठोकताळा आहे का? मारामारी संपलीय, दोघंही फक्त पळतायत.

गणोबा

८-९-१२. तुमचे पिप मोजा. त्याच्या ८ टक्क्यांइतके पुढे असाल तर दुप्पट, ९ टक्के तर परत-दुप्पट, आणि समोरचा १२ टक्के मागे असेपर्यंत टेक. तुमचे १००, तर त्याने ११२ पर्यंत घ्यावं, ११३ ला सोडावं. लांब शर्यतीत चालतं. अगदी शेवटी, सोंगट्या उचलताना, नका वापरू. तिथे ‘वेस्टेज’ येतं : एक्क्यावरची सोंगटी सहाने उचलली तर पाच पिप फुकट गेले.

चिमणचारा

शेवटची शंका. फासा पटावरच्या सोंगटीला टेकून तिरका उभा राहिला तर? काल यावरून इथे भांडण झालंय. एक म्हणतो फक्त तो फासा परत टाकायचा.

पानवेल

‘कॉक्ड’. दोन्ही परत टाकायचे.

चिमणचारा

दुसऱ्यावर ६ दिसत होता हो!

पानवेल

दोन्ही.